शक्तीच्या गोळ्यांनी पाळणा हलतो काय?

पेरणीच्या तोंडावर बियाण्याची चौकशी, पावसाने ताण दिला की विम्याची, थंडीत हरभऱ्यावरच्या घाटेअळीची. शेतकरी बांधव वर्षभरात काय काय विचारणार, हे विस्ताराच्या कामात आता पाठ झाले आहे. पण एक प्रश्न असा आहे की तो सभेत कुणी विचारत नाही. शिवारफेरी आटोपते, चार माणसे पांगतात आणि मोटारसायकलला किक मारायच्या वेळी एखादा जवळ येऊन हळूच म्हणतो, "साहेब, त्या जस्ताच्या अन् ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी मूलबाळ होतं म्हणत्यात, खरं का हो?" सोबत मोबाईलवरची जाहिरात असते, नाही तर खिशातले रिकामे पाकीट.

प्रस्तुत लेखक कृषी पदविकाधारक आहे, डॉक्टर नाही. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, कारण या गोळ्यांत जे असते ते आपल्या धंद्यातलेच आहे. जस्त आपण जमिनीला देतो. सेलेनियम, तांबे, जस्त खनिज मिश्रणातून जनावरांना देतो. अ आणि ई जीवनसत्त्वांची गोष्ट तर पशुखाद्याच्या पोत्यावरही छापलेली असते. दुसरे कारण असे की, या गोळ्यांपायी महिन्याला हजार-दीड हजार रुपये घालणारी कुटुंबे पाहण्यात आहेत. पैसा जातो तो जातोच, पण वर्ष-दोन वर्षांचा काळही हातचा जातो. तेवढ्या काळात घरातल्या सुनेला काय काय ऐकून घ्यावे लागते, ते सांगायला नको.

दोष कुणाचा?

लग्नाला दोन वर्षे झाली, पाळणा हलला नाही, की आपल्याकडे आधी बाईकडे बोट जाते. तिची सोनोग्राफी, तिचे रक्त, तिचेच उपास आणि तिलाच अंगारा. नवऱ्याची एक साधी तपासणी मात्र सगळ्यात शेवटी होते, अनेकदा होतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे सहा माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते. आणि वैद्यकशास्त्र सांगते की मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्यांच्या आसपास ठिकाणी पुरुषाकडचे कारण एकटे तरी असते, किंवा बाईकडच्या कारणाच्या जोडीने तरी. म्हणजे बायकोला माहेरी धाडून दुसरी करण्याची भाषा बोलणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी दुसरी आली तरी पाळणा रिकामाच राहणार. शिवाय पहिली असताना दुसरी करणे हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये आला तेव्हापासून गुन्हाच आहे. पोलीस पाटलांना हे सांगायची गरज नसावी, पण गावकीत कधी कधी असते.

गंमत अशी की, जनावरांच्या बाबतीत आपण इतके अडाणी नाही. गाय उलटत राहिली की आपण डॉक्टरला लगेच विचारतो, कांडी कुठली होती? उरुळीकांचनच्या बायफसारख्या ठिकाणी वळूचे वीर्य आधी सूक्ष्मदर्शकाखाली जाते. जंतू किती, हलतात किती, हे पाहिल्याशिवाय ते गोठवत नाहीत. वळू कितीही दांडगा दिसला तरी त्याच्या दिसण्यावर कुणी कांडी भरत नाही. माणसाचे मात्र मिशा आणि दंड पाहून आपण ठरवून टाकतो की याच्यात काय दोष असणार!

पुरुषाच्या वृषणात शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, त्यानंतर ते पक्व होऊन बाहेर पडायला आणखी थोडे. मूग-उडदाच्या पिकाएवढाच हा काळ धरा. म्हणून आज ताप आला, तर त्याचा परिणाम आजच्या नव्हे, पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या वीर्यावर दिसतो. आणि औषध कुठलेही असो, तीन महिन्यांच्या आत त्याचा गुण कळत नाही. "पंधरा दिवसांत फरक" असे ज्या पाकिटावर लिहिले असेल ते पाकीट तिथेच ठेवावे. निसर्गाने ही पिशवी शरीराबाहेर लोंबती ठेवली तीही याच कामासाठी. तिथली उष्णता शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी लागते.

जीवनसत्त्वाचा बोलबाला कुठून आला?

हा सगळा थापेबाजीचा बाजार आहे असे म्हणून मोकळे होता येत नाही, कारण मुळात खरे शास्त्र आहे. १९२२ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांनी उंदरांना ठरावीक कृत्रिम खाद्यावर ठेवले. माद्या गाभण राहत, पण गर्भ पोटातच जिरून जाई. खाद्यात लेट्यूसची हिरवी पाने आणि पुढे गव्हाच्या अंकुराचा अंश दिला की पिल्ले व्यवस्थित होत. पानांत आणि अंकुरात जे होते त्याला नाव पडले ई जीवनसत्त्व. पुढे नर उंदरांतही ते न मिळाल्यास वृषण खराब होतात असे दिसले. ई जीवनसत्त्वाचे शास्त्रीय नाव टोकोफेरॉल, ते ग्रीक भाषेतल्या बाळंतपणाच्या शब्दावरून १९३६ साली ठेवले गेले. आज ई जीवनसत्त्वाच्या गोळीला "मूल होण्याची गोळी" म्हणून जी कीर्ती आहे, तिचे मूळ या उंदरांत आहे.

गोठ्यातही हे पाहायला मिळते. दुष्काळात महिनोन् महिने नुसत्या वाळल्या कडब्यावर काढलेल्या वळूला अ जीवनसत्त्व कमी पडते. हिरव्या वैरणीतून ते मिळायचे, तीच नाही. अशा वळूचे वीर्य पातळ पडते, उतरते. हिरवे सुरू झाले की हळूहळू सुधारते. जुने पशुपालक याला "वळू हिरव्यावर आणणे" एवढेच म्हणतील, पण बरोबर म्हणतील.

पण सगळ्यात मोलाची गोष्ट आहे जस्ताची, आणि ती आपल्याच देशाच्या माणसाने शोधली. डॉ. आनंद प्रसाद हे मूळचे बिहारमधल्या बक्सरचे. पाटण्याला शिकून अमेरिकेत गेले आणि १९५८ साली इराणमध्ये शिराझ शहरात रुग्ण तपासू लागले. तिथे त्यांच्यापुढे २१ वर्षांचा एक खेडूत आला, दिसायला मात्र दहा वर्षांच्या पोरासारखा. उंची खुंटलेली, दाढी-मिशा नाहीत, जननेंद्रियांची वाढ झालेली नाही, रक्त कमी. खाणे काय, तर मुख्यतः न आंबवलेली गव्हाची रोटी, आणि माती खायची सवय. असे आणखी रुग्ण त्याच मुलखात निघाले. पुढे इजिप्तमध्ये जाऊन प्रसादांनी १९६३ पर्यंत दाखवून दिले की अशा लोकांच्या शरीरात जस्ताची उणीव आहे. जस्त दिल्यावर ही खुंटलेली तरुण मंडळी वाढीला लागली, त्यांना वयात आल्याची लक्षणे दिसू लागली. तोपर्यंत माणसाला जस्त कमी पडू शकते हे डॉक्टरलोक मानायला तयार नव्हते.

रोटीत जस्त नव्हते काय? होते. पण धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो, तो जस्ताला धरून ठेवतो आणि आतड्यात शोषू देत नाही. चुनखडीच्या जमिनीत हेच होते की! माती तपासली तर जस्त सापडते, पण पिकाला लागू होत नाही, मक्याची कोवळी पाने पांढरट पडतात. पीठ आंबवले, कडधान्याला मोड आणले, की हा फायटेट बराच कमी होतो. आपल्या आज्या मटकीला मोड आणत, आंबील करत, ते उगीच नव्हे.

पुढे प्रसादांच्याच अमेरिकेतल्या चमूने थोड्या धडधाकट पुरुषांना मुद्दाम कमी जस्ताच्या आहारावर ठेवून पाहिले. काही महिन्यांत बहुतेकांच्या शुक्राणूंची संख्या घटली, आणि जस्त पुन्हा सुरू केल्यावर सावकाश भरून आली.

मग गोळ्यांनी अडते कुठे?

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग घ्याव्यात की गोळ्या! थांबा. उणीव असेल तर जस्ताने गुण येतो, हे सिद्ध झाले. उणीव नसताना वरून ओतल्याने काही होते का, हा प्रश्न वेगळा आहे. एकरी दहा किलो झिंक सल्फेट कमतरतेच्या रानात टाकले तर पीक उठते. जिथे जस्त पुरेसे आहे तिथे टाकले तर पीक आहे तसेच राहते, आणि दुकानदाराचे बिल तेवढे उठते.

२००२ साली हॉलंडमधल्या शास्त्रज्ञांनी फॉलिक ॲसिड आणि जस्त सहा महिने दिले. ज्यांचे वीर्य उणे होते त्यांच्यात नीट आकाराच्या शुक्राणूंची संख्या ७४ टक्क्यांनी वाढली असे त्यांनी छापले. ही बातमी जगभर गेली. या दोन घटकांच्या गोळ्या विकणाऱ्यांना आयते भांडवल मिळाले. पण त्या प्रयोगात माणसे थोडी होती, आणि शुक्राणू वाढले म्हणजे मूल झाले असे नव्हे. विकणारे हे दोन मुद्दे सांगत नाहीत.

मग अमेरिकेत मोठा प्रयोग झाला. वंध्यत्वाच्या उपचाराला आलेली २,३७० जोडपी घेतली. निम्म्या पुरुषांना रोज ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड आणि ३० मिलिग्रॅम जस्त सहा महिने दिले, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळते हे डॉक्टरलाही ठाऊक नाही आणि रुग्णालाही नाही. आपल्या विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर नियंत्रित वाफा ठेवतात, तसा हा प्रकार. निकाल २०२० च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. औषधवाल्या गटात ३४ टक्के जोडप्यांना मूल झाले, रिकाम्या गोळीच्या गटात ३५ टक्के. शुक्राणूंची संख्या, हालचाल, आकार, कशातच फरक नाही. उलट औषधवाल्यांत शुक्राणूंमधल्या आनुवंशिक द्रव्याची तूटफूट थोडी जास्त दिसली, आणि मळमळ, उलटी, पोटदुखीच्या तक्रारीही जास्त.

त्याच वर्षी अमेरिकेतलाच दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातल्या गोळीत क आणि ई जीवनसत्त्व, सेलेनियम, जस्त, फॉलिक ॲसिड, कार्निटीन, लायकोपीन असे सगळेच होते, म्हणजे बाजारातल्या महागड्या पाकिटासारखी. १७१ पुरुषांवर झालेल्या या प्रयोगात गोळी घेणाऱ्यांच्या घरी १५ टक्के आणि न घेणाऱ्यांच्या घरी २४ टक्के मुले झाली. माणसे थोडी असल्याने हा फरक योगायोगाचाही असू शकतो, म्हणून गोळीने नुकसान केले असे कुणी म्हणत नाही. पण फायदा केला असे म्हणायला तर मुळीच जागा नाही.

२०२२ मध्ये अशा ९० प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. सगळे प्रयोग धरले तर थोडा फायदा असावा असे दिसते, पण ढिले, सदोष प्रयोग बाजूला काढले की मूल होण्यातला तो फायदाही नाहीसा होतो. खळ्यावर वारा आला की फोल उडून जाते, तसेच.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हे मोठे प्रयोग अमेरिकेतल्या खाऊनपिऊन सुखी माणसांवर झाले, जस्ताची उणीव असलेले निवडून घेतलेले नव्हते. आपल्याकडे ज्याच्या ताटात वर्षभर भाकरी आणि ठेचा यापलीकडे काही पडत नाही, त्याला उणीव असू शकते. त्याला डॉक्टरांनी तपासून जस्त दिले तर ते योग्यच. पण महिन्याला हजाराचे पाकीट घेणारा माणूस बहुधा तो नसतो, हेही पाहण्यातले आहे.

आणि जीवनसत्त्व म्हणजे कितीही घेतले तरी अपाय नाही, ही समजूत सोडा. प्रौढ माणसाने डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय दिवसाला ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त जस्त पोटात जाऊ देऊ नये. जादा जस्त शरीरातले तांबे हटवते आणि रक्त कमी होते. जादा सेलेनियमने केस गळतात, नखे ठिसूळ होतात. पंजाबात नवांशहर-होशियारपूर भागात सेलेनियम जास्त असलेल्या जमिनीतली वैरण खाऊन जनावरांचे खूर सुटल्याचे शास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. ई जीवनसत्त्वाचा मोठा डोस रोज वर्षानुवर्षे घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग १७ टक्के जास्त निघाला, हे २०११ साली ३५ हजारांवर पुरुषांच्या अमेरिकी प्रयोगात दिसले.

आधी माती परीक्षण

वीर्य तपासणीत लाजण्यासारखे काही नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी ती होते, खासगी प्रयोगशाळेतही काही शे रुपयांत होते, म्हणजे एका महिन्याच्या गोळ्यांपेक्षा स्वस्तात. आधी दोन ते सात दिवस संबंध टाळावा लागतो. अहवाल उणा आला तर घाबरून न जाता काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे, कारण दर खेपेला आकडे कमी-जास्त होतात.

अहवालातले आकडे पाहून काही जण हाय खातात, म्हणून थोडे सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा अशी: एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, हलणारे ४२ टक्के आणि नीट आकाराचे फक्त ४ टक्के. म्हणजे शंभरात ९६ वाकडेतिकडे असले तरी माणूस बाप होऊ शकतो! आणि ही काही पास-नापासाची रेघ नाही. तिच्या खाली असलेल्यांनाही मुले होतात, फक्त वेळ लागतो.

तपासणी आधी का, तर कारण वेगळे तर इलाज वेगळा. काहींच्या वृषणाच्या शिरा फुगलेल्या असतात, मूल न होणाऱ्या पुरुषांत हे बरेच आढळते आणि त्यावर शस्त्रक्रिया आहे. काहींची नळी बंद असते, वीर्यात एकही शुक्राणू नसतो. अशाला जन्मभर जीवनसत्त्वे चारली तरी नळी उघडणार नाही. काहींना वयात आल्यावर गालगुंड होऊन वृषणाला सूज येऊन गेलेली असते. हे सगळे डॉक्टरच्या हाताला आणि सूक्ष्मदर्शकालाच कळते, पाकिटाला कळत नाही. आणि इकडे गोळ्या खात दोन वर्षे काढली तर तिकडे बायकोचे वय थांबत नाही. पस्तिशीनंतर बाईला दिवस राहणे अवघड होत जाते.

तालमीतल्या आणि जिममधल्या पोरांसाठी एक वेगळी सूचना. अंग भरावे म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेण्याचे खूळ आता तालुक्याच्या गावापर्यंत आले आहे. बाहेरून हे संप्रेरक आले की मेंदूकडून वृषणाला जाणारा हुकूम बंद होतो आणि शुक्राणू बनणे थांबते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रयोगात हेच इंजेक्शन दर आठवड्याला देऊन पुरुषांचे संततिनियमन जमते का ते पाहिले होते, आणि बहुतेकांत जमले! दंड फुगतो, पाळणा अडतो. बंद केल्यावर पुष्कळांचे परत येते, पण त्याला महिने लागतात.

तंबाखू, गुटखा, दारू यांचे नाव घेतले की मंडळी माना खाली घालतात, म्हणून जास्त लिहीत नाही. पण गोळीला पैसे आहेत आणि पुडी सोडवत नाही, हा हिशेब जमणारा नाही.

फवारणीचे मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तो आपलाच विषय. सूत्रकृमी मारण्यासाठी डीबीसीपी नावाचे औषध एके काळी जगभर वापरात होते. त्याने उंदरांचे वृषण आकसतात हे १९६१ सालीच छापून आले होते, पण कुणी मनावर घेतले नाही. १९७७ साली कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप गावच्या कारखान्यातल्या कामगारांच्या आपसात बोलताना ध्यानात आले की आपल्यापैकी कुणाच्याच घरी हल्ली मूल झालेले नाही. तपासणी झाली, तर अनेकांच्या वीर्यात शुक्राणू नव्हते किंवा नावापुरते होते. काम सुटल्यावर काहींचे भरून आले, काहींचे कधीच आले नाही. मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांत तर मजुरांच्या हाती ते पुढेही राहिले. आपल्या देशात या औषधावर बंदी आहे. पण धडा एका औषधापुरता नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, तेव्हा आपण सगळे हादरलो. जीव जाणारी विषबाधा दिसते. रोज थोडे थोडे अंगात मुरणारे दिसत नाही. पंप गळका असेल तर तो पाठीवरून मांडीपर्यंत पाझरतो आणि ओली चड्डी दिवसभर अंगावर राहते. हातमोजे, तोंडाला फडके, वाऱ्याच्या दिशेने फवारणी, काम संपताच साबणाने आंघोळ आणि कपडे वेगळे धुणे, याला बाजारातल्या पाकिटापेक्षा कितीतरी कमी खर्च येतो.

खाण्याचे म्हणाल तर शेतकऱ्याच्या घरात काय कमी आहे? तीळ-कारळ्याची चटणी, शेंगदाणे, करडईचे तेल, मोडाची मटकी, मेथी, शेवग्याचा पाला, पेरू, आवळा, चालत असेल त्याला अंडी, मासळी, मटण. बाजरी करणाऱ्यांनी 'धनशक्ती' वाण जरूर करावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या साहाय्याने काढलेला हा वाण २०१२ मध्ये आला. त्यात लोह आणि जस्त दोन्ही साध्या बाजरीपेक्षा जास्त आहे. हे खाऊन मूल होईल असा दावा नाही, घरातली सगळी माणसे धडधाकट राहतील एवढाच आहे.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी एक करावे. आठवडी बाजारात भोंगा लावून कामशक्तीची आणि वांझपणाची औषधे विकणारी गाडी आली तर तिला जागेची पावती फाडण्याआधी विचार करावा. लैंगिक शक्तीच्या आणि स्त्रियांच्या वंध्यत्वाच्या औषधांची अशी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने मना आहे. जिल्ह्याला अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय आहे, तिथे तक्रार करता येते. दुकानातल्या जीवनसत्त्वांच्या डब्यावरही बारीक अक्षरे वाचावीत. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर "औषधी वापरासाठी नाही" अशा अर्थाचे वाक्य इंग्रजीत छापलेले असते, आणि विकताना तोंडी नेमके उलटे सांगितलेले असते.

ज्यांच्या लग्नाला वर्ष होऊन गेले आणि दिवस राहिले नाहीत, त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे नवरा-बायको दोघांनी बरोबर जावे. तिथून जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. आशाताईंनीही नुसत्या सुनेला न नेता मुलालाही सोबत घ्यावे. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, इंजेक्शनांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत, काही लपवू नये. नमुना शक्यतो रुग्णालयातच द्यावा. घरून न्यायचाच झाला तर तासाच्या आत पोचला पाहिजे, आणि तोही अंगाच्या उबेला, आतल्या खिशात ठेवून. बर्फात घालून नेऊ नये.